आधी पत्ता, मग भार

घाटनांदूर, ता. अंबाजोगाई

चि. ताईस,


तुझा मेसेज वाचला. कॉलेजातले तीन सिस्को कॅटॅलिस्ट 3750 स्टॅक करायचे आणि ‘लोड शेअरिंग लावून स्पीड दुप्पट करा’ असं वरून सांगणं आहे. दुप्पट कुणालाही कबूल करू नकोस. का ते पुढे सांगतो.

आधी पत्त्याचं बघ. स्टॅक झाला की तिन्ही डबे बाहेरच्यांना एकच स्विच दिसतात. व्यवस्थापनाचा आयपी एक, स्टॅकचा मॅक पत्ताही एक, आणि तो असतो मास्टरचा, म्हणजे स्टॅकचा कारभार बघणाऱ्या डब्याचा. एकत्र कुटुंबाची जमीन कर्त्याच्या नावावर असते तसं समज. कर्ता गेला की फेरफार होईपर्यंत बँक आणि सोसायटी अडवून धरतात. इथेही मास्टर बंद पडला की नव्या मास्टरचा मॅक लागू होतो, पलीकडच्या स्विचला समोर कुणी दुसराच आलाय असं वाटतं आणि एलएसीपीने (दुवे एकत्र बांधणाऱ्या प्रोटोकॉलने) बांधलेले दुवे तुटून पुन्हा जुळतात. म्हणून ‘स्टॅक-मॅक पर्सिस्टंट टायमर 0’ देऊन ठेव, म्हणजे जुनाच पत्ता चालू राहतो. आकडा न देता आज्ञा दिलीस तर 4 मिनिटांचीच सवलत मिळते. मात्र काढलेला जुना मास्टर त्याच नेटवर्कात दुसरीकडे लावायचा नाही. एका पत्त्याचे दोन धनी होतील.

मास्टर कोण, हेही तूच ठरव. प्रायॉरिटी 1 ते 15 असते, मुळात सगळ्यांची 1. सगळं बरोबरीत राहिलं तर शेवटी लहान मॅकवाला निवडून येतो, आणि तो नेमका तुमचा सर्वांत जुना डबा निघू शकतो. नवा स्विच जोडताना तो बंद ठेवूनच जोड.

आता भार. दोन 1 गिगाबिटचे दुवे एकत्र बांधले तरी एका कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर चाललेली एक कॉपी 1 गिगाबिटच्या वर जात नाही. फ्रेम्सचा क्रम बिघडू नये म्हणून एक संवाद एकाच तारेने पाठवतात. कुणाची तार कोणती, हे पत्त्यांवर हिशेब करून ठरतं. 3750 वर हा हिशेब मुळात पाठवणाऱ्याच्या मॅकवर चालतो, आणि खरी गोची इथेच आहे. रहदारी राऊटरमधून आली की प्रत्येक फ्रेमवर पाठवणारा म्हणून राऊटरचाच मॅक असतो. मग सगळं ओझं एका तारेवर, दुसरी निवांत. दिवे दोन्हीकडे लुकलुकतात म्हणून फसू नकोस, पोर्टचे आकडे बघ. तिथे ‘एसआरसी-डीएसटी-आयपी’ लाव. ही निवड फक्त बाहेर जाणाऱ्या रहदारीला लागते. पलीकडच्या स्विचवर वेगळी लावावी लागेल.

स्विच तीन आहेत म्हणून दुवेही तीन बांधावेत असा मोह होईल. कॅटॅलिस्ट रहदारीचे 8 वाटे पाडतो. तीन तारांत ते 3, 3, 2 असे पडतात. दोन किंवा चार बांध, आणि ते वेगवेगळ्या डब्यांवर घे. एक डबा गेला तरी काम चालू राहील. मला विचारशील तर वेगापेक्षा याच्यासाठीच हा खटाटोप करावा.

परीक्षेच्या आठवड्यात मात्र हात लावू नकोस. आज्ञा देण्याआधी ‘शो इथरचॅनल लोड-बॅलन्स’चं उत्तर मला पाठव. रविवारी परळीहून गाडीने आलीस तर समोरासमोर बसून बघू.

तुझा
मामा