देवमाशाच्या वाटेवर : कोकणच्या सागरसफरीपूर्वी थोडा अभ्यास

भिलाईसारख्या पोलादनगरीत राहणाऱ्यांना समुद्राचे आकर्षण जरा अधिकच असते. प्रवासभाडे सवलतीची मुदत संपत आली की घरोघरी चर्चा सुरू होते आणि मराठी कुटुंबांत ती बहुधा कोकणावर येऊन थांबते. मालवण, तारकर्ली, गुहागर, दापोलीजवळचे मुरूड अशी नावे पुढे येतात, आणि त्यापाठोपाठ मुलांची मागणी येते ती डॉल्फिन पाहण्याची. दूरचित्रवाणीवर परदेशातील देवमाशांच्या सफरी पाहिलेली मुले तर थेट देवमाशाचीच मागणी करतात. ही मागणी अवास्तव आहे काय, आणि तिच्यासाठी पैसे मोजताना नेमके काय विकत घ्यावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम नावाविषयी. देवमासा हा मासा नव्हे. तो आपल्यासारखाच उष्ण रक्ताचा, फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिलाला दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. डॉल्फिनही त्याच कुळातला. ओळखण्याची सोपी खूण शेपटीत आहे. माशाची शेपटी उभी असते व डावीउजवीकडे हलते. देवमाशाची आडवी असते व खालीवर हलते. श्वासासाठी या प्राण्याला वारंवार पृष्ठभागावर यावेच लागते, म्हणून तर तो आपल्याला दिसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर आधारलेले आहे.

आपल्या समुद्रात देवमासे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्रातील खालच्या थरांचे पोषक पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती व प्राणी वाढतात, आणि हे खाद्य महाकाय प्राण्यांनाही पुरते. २०१५ साली सिंधुदुर्गातील कुणकेश्वरनजीकच्या समुद्रात अभ्यासकांना निळे देवमासे दिसले. पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी तो हाच. त्याची लांबी ३० मीटरपर्यंत भरू शकते. ब्रायड जातीचे देवमासेही याच पट्ट्यात आढळतात. पण आनंदाची बातमी एकटी येत नाही. त्याच वर्षी जून महिन्यात अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा येऊन पडला आणि तो वाचू शकला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले. वनखाते, स्थानिक ग्रामस्थ व तज्ज्ञ यांनी शर्थीचे प्रयत्न करून ते खोल पाण्यात सोडले. तथापि ते पुन्हा किनाऱ्याकडे आले व मरण पावले.

तेव्हा मुलांना प्रामाणिकपणे सांगावे की कोकणात देवमासा दिसणे हा योग आहे, सफरीचा भाग नव्हे. खात्रीने देवमासे पाहावयाचे असल्यास श्रीलंकेतील मिरिस्सा येथे डिसेंबर ते एप्रिल या काळात शक्यता बरीच चांगली असते. तेथेही प्राण्यांमागे धावणाऱ्या नौकांची गर्दी ही मोठी तक्रार झाली आहे.

कोकणात प्रत्यक्ष दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला करड्या रंगाचा डॉल्फिन. तो उथळ पाण्यात, किनाऱ्यालगत राहतो. म्हणूनच अर्ध्या तासाच्या फेरीत त्याची भेट होऊ शकते. त्याची जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त गणली जाते. गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबतो. स्वतः काढलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून तो भक्ष्य शोधतो. चार-पाच नौकांनी इंजिनांचा गोंगाट करीत त्याला घेरले की त्याचे खाणे थांबते, माता व पिल्लू यांची ताटातूट होण्याचा धोका वाढतो, आणि श्वास घेण्यासाठी तो जेथे वर येईल तेथे पुन्हा नौका हजर असतात.

दोष केवळ नावाड्याचा मानणे मला योग्य वाटत नाही. ‘डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत’ अशी अट ग्राहकच घालतो, मग पोटासाठी नावाडी पाठलाग करतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर येथे व्याजाच्या घाईत मुद्दलच मोडले जाते. यावर उपाय ग्राहकाच्या हाती आहे. भाडे ठरविताना ते फेरीचे ठरवावे, दर्शनाचे नव्हे. ऑस्ट्रेलियातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉल्फिनपासून ५० मीटर व देवमाशापासून १०० मीटर अंतर राखावे लागते. हेच अंतर आपणही मागावे. वेग कमी ठेवावा, समोरून वाट अडवू नये, प्राणी स्वतःहून जवळ आल्यास इंजिन शांत ठेवावे. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना निघावे. सपाट पाण्यावर पाठीचा पर चटकन नजरेस येतो.

कायद्याने हे सर्व प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जाळ्यात असा प्राणी सापडून जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराचे मोठे नुकसान होते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये अशा मच्छीमारांना २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय घेतला. किनारपट्टीवरील आपल्या शाखांच्या सहकाऱ्यांनी ही माहिती मच्छीमार खातेदारांच्या कानावर जरूर घालावी. नवीन जाळ्याचे कर्ज किती जिवावर येते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आता सुरक्षेविषयी. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. जीवरक्षक जाकीट नौकेत ‘आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. ते अंगावर, पट्टे आवळून असावे, आणि मुलांसाठी लहान मापाचे असावे. क्षमतेपेक्षा अधिक माणसे चढत असल्यास आपण उतरावे. पावसाळ्यात, जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, या जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कोणी चोरून नेण्याची तयारी दाखविली तरी नकार द्यावा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पाण्याखाली पोहताना प्रवाळावर पाय टेकू नये. तो खडक नसून जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे.

ज्यांच्या हाती चार-पाच दिवसांचीच रजा आहे, त्यांनी कोकणाचा हट्ट धरू नये. दुर्गहून पुरीस थेट गाडी जाते, आणि पुरीपासून सुमारे ५० किलोमीटरवर चिलिका सरोवराकाठी सातपाडा आहे. तेथे इरावती डॉल्फिन आढळतात. यांना चोच नसते, डोके वाटोळे असते आणि स्वभाव लाजरा. उंच उड्यांची अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा होईल. पाण्यावर क्षणभर करडी पाठ आणि श्वासाचा फुस्स असा आवाज, बहुधा एवढेच पदरी पडते. दुर्बीण अवश्य न्यावी.