ओळख पटवावी कशी? : विकेंद्रित बिनतारी जाळ्यातील प्रमाणीकरण

मुळशी खोऱ्यात पावसाळा मुसळधार असतो आणि डोंगररांगा मोबाईलच्या लहरी अडवितात. अतिवृष्टीत वीज जाऊन टॉवर बंद पडला, तर एका उपकरणाने दुसऱ्यास व दुसऱ्याने तिसऱ्यास संदेश पोहोचवावा, असे बिनतारी जाळे उभारता येते. त्यातील प्रत्येक उपकरणास 'नोड' म्हणतात. मध्यवर्ती केंद्र नसल्याने हे जाळे विकेंद्रित होय. परंतु 'धरणाचे पाणी सोडले' हा संदेश खऱ्या नोडचा की तोतयाचा, हे कोणी ठरवावे? नदीकाठच्या माणसांचे प्राण या उत्तरावर अवलंबून राहतात.

शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का व अखेरीस मोर्तब असे. शिक्क्याने पत्र कोणाचे हे कळे; मोर्तबामुळे पुढे मजकूर घुसडता येत नसे. आजची डिजिटल स्वाक्षरी ही दोन्ही कामे करते. प्रत्येक नोडपाशी एक गुप्त व एक जाहीर किल्ली असते. पहिला नोड एक नवी संख्या पाठवितो. दुसरा गुप्त किल्लीने तिच्यावर स्वाक्षरी करतो. पहिला ती जाहीर किल्लीने पडताळतो. संख्या दर वेळी नवी असल्याने जुने उत्तर चोरून वापरता येत नाही.

मात्र ती जाहीर किल्ली त्याच नोडची, अशी ग्वाही कोणी द्यावी? एकाच अधिकाऱ्यावर विसंबल्यास तो फितूर होताच सारे जाळे धोक्यात येते. १९७९ मध्ये आदी शमीर यांनी गुपिताचे वाटे करण्याची रीत मांडली. तीन बिंदूंवरून एकच द्विघाती वक्र ठरतो. म्हणून पाच बिंदू पाच जणांस दिल्यास कोणतेही तिघे मिळून गुपित उलगडतात, दोघांस काहीच कळत नाही. १९९९ मध्ये झोऊ व हास यांनी याच तत्त्वाने ग्वाहीचा अधिकार अनेक नोडांत वाटण्याची योजना सुचविली.

आम्हां बौद्धांस ही रीत परकी वाटू नये. विनयानुसार उपसंपदेसाठी मध्यदेशात दहा व सीमाप्रदेशात पाच भिक्खूंची उपस्थिती आणि संघाची संमती लागे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संघातील ठराव, गणपूर्ती व मतमोजणी यांचे स्मरण करून दिले होते.

एक सावधगिरी हवी. एकच तोतया अनेक नावे धारण करून खोटे बहुमत उभे करू शकतो. यास 'सिबिल हल्ला' म्हणतात. म्हणून नव्या नोडची पहिली नोंद प्रत्यक्ष भेटीत, अनेकांच्या साक्षीने व्हावी. विद्यार्थ्यांनी आलेखवहीवर पाच बिंदूंचा हा प्रयोग अवश्य करून पाहावा.