फॉरमॅट मारण्याआधी : नीट सुरू न होणारा लॅपटॉप आणि त्याचा खरा खर्च

लॅपटॉप कायमचा बंद पडला तर निदान सोपं असतं. छळतो तो कधी सुरू होणारा आणि कधी न होणारा लॅपटॉप. सकाळी बटण दाबलं की स्क्रीन काळाच, चौथ्या खेपेला कंपनीचा लोगो येतो, मधेच निळा स्क्रीन दिसतो आणि मग आठवडाभर सगळं सुरळीत. असा लॅपटॉप दुकानात नेला की पुष्कळदा ऐकू येतं, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल." पाचशे-सातशे रुपये जातात, पंधरा दिवस बरे जातात, पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला सांगितलं जातं, "मदरबोर्ड गेलाय." या दोन निदानांच्या मधे अनेक स्वस्त शक्यता असतात आणि त्या तपासल्याशिवाय फॉरमॅटला किंवा बोर्डाला होकार देणं म्हणजे आपले पैसे आणि आपल्या फाइली दोन्ही पणाला लावणं.

लॅपटॉप सुरू होताना ठरलेल्या टप्प्यांनी जातो. आधी वीज मिळते, दिवा लागतो, पंखा फिरतो. मग मशीन स्वतःची रॅम, स्क्रीन, कीबोर्ड तपासतं आणि लोगो दाखवतं. त्यानंतर डिस्क शोधतं, डिस्कवरून विंडोज उचलतं आणि शेवटी पासवर्डचं पान येतं. तो नेमका कुठे अडतो हे पाहिलं की निम्मं निदान घरीच होतं. दुखणं अधूनमधून येत असेल तर ते आलं की मोबाइलवर व्हिडिओ काढा. तारीख, तेव्हा चार्जर लावलेला होता की बॅटरीवर होता, आदल्या रात्री 'शट डाउन' केला होता की 'रीस्टार्ट', हे लिहून ठेवा. दुकानात नेल्यावर लॅपटॉप हमखास नीट सुरू होतो आणि कारागिराला काहीच दिसत नाही. अशा वेळी तो व्हिडिओच कामाला येतो.

पुढे दिलेले दर महाराष्ट्रातल्या शहरांतल्या स्वतंत्र दुकानांचे अंदाज आहेत. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात ते बरेच जास्त असू शकतात. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, म्हणून दर विचारताना "जीएसटी धरून किती?" हेही विचारा. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेरच्या दुकानात लॅपटॉप उघडूच देऊ नका. मागच्या बाजूचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की वॉरंटी किती उरली आहे ते कळतं.

दिवाच लागत नाही

इथे पहिला उपाय फुकट आहे. चार्जर, माउस, पेनड्राइव्ह सगळं काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, सोडा आणि फक्त चार्जर लावून सुरू करा. सर्किटमध्ये अडकून राहिलेला चार्ज निघून गेल्याने बरेच 'डेड' लॅपटॉप एवढ्यावर उठतात. 'डेड' ऐकून घाबरलेल्या माणसाने आधी हे करावं.

नाही उठला तर चार्जरवर संशय घ्या. ओळखीच्या कुणाकडून तसाच चार्जर आणून लावून पाहा. व्होल्ट तेवढेच हवेत, वॅट तेवढेच किंवा जास्त. टाइप-सी पोर्टवर चालणारा लॅपटॉप मोबाइलच्या अठरा-वीस वॅटच्या चार्जरवर, विशेषतः बॅटरी रिकामी असताना, उठेलच असं नाही. तो बिघाड नव्हे. चांगला पर्यायी चार्जर ५०० ते ९००, कंपनीचा १,५०० ते २,५०० रुपयांना मिळतो. चार्जरची पिन हलवल्यावर दिवा लागत-विझत असेल तर डीसी जॅक सैल झालाय. तो बदलायला ५०० ते १,२०० रुपये. पॉवर बटणाची पट्टी खराब असेल तर खर्च साधारण तेवढाच. बॅटरी पर्यायी घेतली तर १,५०० ते ३,०००, कंपनीची त्याच्या दुप्पट धरा. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, चार्जिंग त्याच क्षणी थांबवा.

दिवा आहे, पण स्क्रीन काळा

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरा. आतलं चित्र पुसट दिसलं तर लॅपटॉप सुरू आहे, फक्त स्क्रीनमागचा उजेड गेलाय. घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडून पाहा. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड ठीक आहे, भानगड स्क्रीनची किंवा डिस्प्ले केबलची. केबल ८०० ते १,८००, साधा स्क्रीन ३,५०० ते ६,०००. दुकानदार 'नो डिस्प्ले' म्हणून थेट बोर्डाचा खर्च सांगत असेल तर ही टीव्हीची चाचणी त्याच्यासमोर करायला लावा.

टीव्हीवरही काही नाही, पंखा मात्र फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतोय, किंवा बीप येतोय? मग रॅम हा पहिला संशयित. त्या लुकलुकण्याच्या संख्येला अर्थ असतो आणि तो कंपनीच्या मॉडेलच्या माहितीपानावर दिलेला असतो. रॅमची पट्टी काढून, तिचे सोनेरी संपर्क पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसवणं हे कारागिरांचं रोजचं काम आहे, २०० ते ४०० रुपयांचं. कोकणात, किनारपट्टीवर, पावसाळ्यात दमट हवेने हे संपर्क काळे पडतात आणि लॅपटॉप एक दिवस उठतो, एक दिवस नाही. रॅम बदलावीच लागली तर दर त्याच दिवशी विचारा. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी इतकी वाढवली आहे की रॅमचे आणि त्यापाठोपाठ एसएसडीचे जुने दर आता लागू पडत नाहीत.

दरवेळी सुरू करताना तारीख-वेळ चुकलेली असेल, किंवा एखादं बटण दाबल्याशिवाय पुढे जात नसेल, तर बोर्डावरची नाण्याएवढी सीमॉस बॅटरी संपली आहे. मजुरीसह २०० ते ५०० रुपयांचं काम. फॅन एरर असा संदेश आला तर पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलायला ५०० ते ८००, पंखाच गेला असेल तर ८०० ते १,८००.

लोगो येतो आणि तिथून पुढे जात नाही

नीट बघायची जागा ही. 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश, गोल फिरत राहणारे ठिपके, 'ऑटोमॅटिक रिपेअर' पुन्हा पुन्हा, सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं. ही सगळी लक्षणं विंडोज बिघडल्याची असू शकतात, तशीच डिस्क मरायला टेकल्याचीही. बाहेरून फरक दिसत नाही आणि म्हणूनच फॉरमॅटची घाई धोक्याची असते.

हार्ड डिस्कवरचे काही सेक्टर खराब झाले आणि विंडोजच्या फाइली नेमक्या तिथे असल्या, तर विंडोज अडखळतं. फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकलं की त्या फाइली डिस्कच्या दुसऱ्या, अजून शाबूत भागावर लिहिल्या जातात. लॅपटॉप ताजातवाना वाटतो. खराबी मात्र पसरत राहते आणि काही आठवड्यांनी नव्या जागेपर्यंत पोचते. तोवर जुन्या फाइली पुसल्या गेलेल्या असतात, त्यांच्यावर नव्याने लेखनही झालेलं असतं. मुलांचे फोटो, दुकानाचे हिशेब, प्रबंधाचं टिपण, या गोष्टींचा दर कुठल्याच पत्रकावर नसतो.

म्हणून आधी डिस्क तपासायची. एचपीच्या लॅपटॉपमध्ये सुरू करतानाच एफ-२, डेलमध्ये एफ-१२, लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलांत एफ-१० दाबलं की कंपनीचीच चाचणी उघडते. विंडोज अधूनमधून तरी सुरू होत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कची प्रकृती रंगात दाखवतो. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे डिस्क निकामी. पिवळा दिसला की त्या दिवशी दुसरं काही करू नका, फक्त फाइली बाहेरच्या डिस्कवर काढा. लॅपटॉपमधून कट-कट आवाज येत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा आणि डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्या. डिस्क चालू पण फाइली पुसलेल्या, असं काम ३,००० ते ८,००० रुपयांत होतं. आतला यांत्रिक भाग मोडला असेल तर १०,००० पासून ३०,००० किंवा त्याहून वर. दरवेळी चालू करून बघण्याने फाइली वाचण्याची शक्यता कमी होत जाते.

डिस्क बदलणं हा आपत्तीपेक्षा फायद्याचाच सौदा ठरतो. पाच-सात वर्षांपूर्वीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क आहे. तिच्या जागी एसएसडी बसवली की मिनिटा-मिनिटांची वाट काही सेकंदांवर येते. बसवून विंडोज टाकण्याची मजुरी ५०० ते १,००० रुपये. एसएसडीची किंमत वेगळी. जुनी डिस्क दुकानात सोडू नका. ३०० ते ६०० रुपयांच्या यूएसबी डबीत घालून तिच्यातून उरलेल्या फाइली काढता येतात, आणि तुमची बँकेची कागदपत्रं परक्याच्या हातात जात नाहीत.

आणखी एक गोष्ट आजच करून ठेवावी. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींना लागणारं कुलूप, आपोआप चालू असतं. बोर्ड बदलला, बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, फेरफार झाला की लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती साधारणतः तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काहीही कुणीही उघडू शकत नाही.

डिस्क ठीक, तरी अडतो

आता विंडोजकडे वळायचं. तरीही फॉरमॅट हा शेवटचा मार्ग. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. विमानतळं ठप्प झाली. त्यावरचा उपाय सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून, एक सदोष फाइल काढणं एवढाच होता. फॉरमॅटची गरज नव्हती.

सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा उघडतं. तिथे स्टार्टअप रिपेअर, सिस्टिम रिस्टोअर, शेवटचा अपडेट काढणं, सेफ मोड हे मार्ग आहेत आणि त्यांचा खर्च शून्य. शट डाउननंतर अडतो पण रीस्टार्ट नीट होतो, असं तुमच्या टिपणात दिसलं तर पॉवर ऑप्शन्समधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. रीस्टार्टच्या वेळी विंडोज सगळं नव्याने उचलतं, शट डाउननंतर मात्र जुनी अवस्था जपून वापरतं आणि तिथेच ड्रायव्हर गोंधळतात.

शेवटी विंडोज नव्याने टाकायचीच वेळ आली तर मजुरी ३०० ते ८०० रुपये. "ओरिजिनल की"साठी वेगळे हजार-दोन हजार मागितले तर थांबा. विंडोज ८ पासून पुढे, विंडोजसह विकल्या गेलेल्या लॅपटॉपच्या बायोसमध्येच लायसन्स असतं. तीच आवृत्ती टाकली की इंटरनेटला जोडल्यावर ते आपोआप लागू होतं. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहेत, तेव्हा लॅपटॉप पात्र असेल तर विंडोज ११ टाकायला सांगा.

बोर्ड आणि बिल

या सगळ्या शक्यता बाद झाल्यावरच बोर्ड. चिप लेव्हल दुरुस्ती २,००० ते ५,०००, बायोसची चिप पुन्हा लिहायला ८०० ते १,५००. सेवा केंद्र बहुधा चिप दुरुस्त करत नाही, पूर्ण बोर्ड बदलतं आणि तो आकडा १५,००० ते ३०,००० पर्यंत जातो. लॅपटॉपच्या आजच्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येत असेल तर डेटा काढून घेऊन त्याला निरोप द्यावा असं माझं मत आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात दोन-तीन ठिकाणी अंदाज विचारणं सोपं पडतं. लहान गावात चेकिंग चार्ज म्हणून २००-५०० रुपये देऊनही दुसरं मत घ्या, बोर्डाच्या खर्चापुढे ते कमीच आहेत.

लॅपटॉप देताना रॅम आणि डिस्कची क्षमता व सीरियल नंबर जॉबशीटवर लिहून घ्या, फोटो काढा. अंदाज व्हॉट्सॲपवर लेखी मागा. "आधी विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" हे वाक्य जॉबशीटवर लिहायला लावा. काढलेला भाग परत मागा, दुरुस्तीवर निदान तीस दिवसांची हमी बिलावर घ्या. बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार आहे. वाद मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथेही न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. सोबत बिल, जॉबशीट, व्हॉट्सॲपवरचा अंदाज आणि पहिल्या दिवशी काढलेला तो व्हिडिओ जोडा.