विकण्याजोगी शिल्लक

चि. मृणाल हिस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. कोल्हापुरी चपलांचा तुझा व्यवहार स्वतःचे संकेतस्थळ, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट आणि मीशो अशा चार ठिकाणी पसरला असून, एकच जोड दोन गिऱ्हाइकांना विकला जाऊन त्यांपैकी एकाची ऑर्डर रद्द करण्याची पाळी वरचेवर येऊ लागल्यामुळे, माल सांभाळण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे असे तू विचारले आहेस. ज्याची सारी नोकरी भांडारात आवकजावक लिहिण्यात गेली त्याला या प्रश्नाचे अगत्य वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु तू पाठविलेल्या यादीतील एका नावावर खूण करून ती परत धाडावी, एवढ्याने तुझे काम भागेल असे मला वाटत नाही.

आमच्या भांडारात जी वस्तू फडताळावर दिसे ती आमची असे, आणि मागणीपत्र घेऊन आलेल्या माणसाच्या हाती ती पडेपर्यंत आमचीच राही. तुझी स्थिती निराळी आहे. तुझ्या कोठीत कापशी घाटाचे, तपकिरी रंगाचे, सात नंबरचे पाच जोड आहेत असे समज. त्यांपैकी दोन सकाळीच विकले गेले असून कुरिअरवाल्याची वाट पाहत आहेत, आणि एक कालच परत आला असून त्याचा तळ कोणी तपासलेला नाही. म्हणजे मोजले तर पाच, पण नव्या गिऱ्हाइकाला वचन देता येईल असे दोनच. या दोन आकड्यांतील अंतर ज्या सॉफ्टवेअरला कळते आणि जे चारही दुकानांना केवळ दुसरा आकडा कळविते, ते तुझ्या कामाचे. बाकीची सर्व सुशोभित आलेखांची आणि रंगीत वर्तुळांची सामग्री मला तरी दुय्यम वाटते.

हा आकडा कळविण्याची त्वरा हाही विचारण्याचा विषय आहे. काही व्यवस्था विक्री होताक्षणी इतर दुकानांना वर्दी देतात, तर काही ठराविक मिनिटांनी एकेका दुकानाचे दार ठोठावून काय विकले याची चौकशी करतात. मधल्या अवकाशात तुझा शेवटचा जोड दोनदा विकला जातो. यासाठी प्रत्येक दुकानाकरिता थोडी राखीव शिल्लक ठेवण्याची सोय असावी, म्हणजे कोठीत दोन उरले की बाहेर 'माल संपला' असे दिसावे. एखादी विक्री हातची जाईल, हे खरे. परंतु विक्रेत्याने आपणहून रद्द केलेल्या ऑर्डरींचे प्रमाण 2.5 टक्क्यांच्या आत असावे अशी ॲमेझॉनची अट आहे, आणि दिवसाला मोजक्याच ऑर्डरी असणाऱ्या विक्रेत्याला ती मर्यादा ओलांडण्यास फारशा चुका लागत नाहीत.

आता नामकरणाकडे वळतो, कारण अनेक मांडण्या येथेच बिघडतात. चार घाट, तीन रंग आणि सहा मापे धरली तरी 72 प्रकार होतात, आणि त्या प्रत्येकास स्वतंत्र संकेतांक हवा. तो प्रथम घाट, मग रंग, मग माप अशा एकाच क्रमाने रचावा; त्यात किंमत घालू नये, कारण ती बदलते; कारागिराचे नाव घालू नये, कारण तोच घाट उद्या दुसऱ्याकडून येईल आणि गिऱ्हाइकास त्याचे सोयरसुतक नसेल; आणि आरंभी शून्य ठेवू नये, कारण एक्सेलच्या तक्त्यात ते मुकाट्याने गिळले जाते. संकेतांक एकदा दिला की तो घाट बंद झाला तरी दुसऱ्यास देऊ नये.

त्यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि ते तू स्वतः करावेस अशी माझी सूचना आहे. ॲमेझॉन तुझ्या वस्तूला आपला एएसआयएन देते, फ्लिपकार्ट आपला एफएसएन, आणि बाकीचेही आपापली खूण लावतात. या साऱ्या खुणा तुझ्या एका संकेतांकाशी जुळवून द्याव्या लागतात. येथे सहा नंबरची खूण सात नंबरला चिकटली, तर यंत्र अत्यंत प्रामाणिकपणे आणि अखंडपणे चुकीचा जोड पाठवीत राहील, आणि गिऱ्हाईक मात्र माप चुकले म्हणून चांभाराला दोष देईल. म्हणून जुळणी झाल्यावर एका व्यक्तीने वाचावे आणि दुसरीने ताळा पाहावा, अशी जुन्या दप्तरातील रुजुवातीची पद्धत येथे अवश्य लावावी. बारकोडासाठी आरंभी फार खर्च करू नकोस. आतल्या कामाला स्वतःच्या संकेतांकाची छापील चिठ्ठी पुरते. 890 ने सुरू होणारे तेरा अंकी क्रमांक जीएस1 इंडियाकडून विकत घ्यावे लागतात, आणि एखादे दुकान ते मागेल तेव्हा, त्या अटीतून सूट देण्याची दुकानाला विनंती करून पाहिल्यावर, त्यांचा विचार करावा.

परत आलेल्या मालाविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पादत्राणांच्या व्यवहारात माप न जमल्याने माघारी येणारा माल पुष्कळ, आणि पैसे दारात देण्याच्या ऑर्डरींत तर पार्सल न स्वीकारताच परत फिरविणारेही भेटतात. काही सॉफ्टवेअरे अशी उतावीळ असतात की गिऱ्हाइकाने परतीची नोंद करताच जोड शिलकेत जमा करून मोकळी होतात, वास्तविक तो जोड तेव्हा नागपूरच्या एखाद्या घरात पलंगाखाली असतो. तुला निदान चार अवस्था निरनिराळ्या दाखविता आल्या पाहिजेत: वाटेवर असलेला, तपासणीसाठी थांबलेला, विकण्याजोगा आणि बाद अथवा दुरुस्तीचा. एक पाय सहाचा व दुसरा सातचा असा जोडही कधीतरी परत येईल. त्यासाठी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये रकाना नसतो, तेथे माणसाचे डोळेच हवेत.

नवा माल केव्हा सांगावा याचे गणित सोपे आहे. रोजचा सरासरी खप गुणिले माल येण्यास लागणारे दिवस, अधिक अडीअडचणीची शिल्लक. एखाद्या मापाचा रोज एक जोड खपतो, कारागिराकडून माल यावयास वीस दिवस लागतात आणि आठ जोड तू हाताशी ठेवतेस, तर शिल्लक 28 वर येताच यंत्राने तुला हटकले पाहिजे. पण पावसाळ्यात कातडे वाळत नाही, काम लांबते, वीस दिवसांचे पस्तीस होतात, आणि त्याच काळात चपलांचा खपही उतरतो. तेव्हा गणितातील दोन्ही संख्या बदलतात आणि सॉफ्टवेअर बापडे चैत्रात लिहिलेला आकडाच प्रमाण मानून बसते. ऋतुमानानुसार ही मर्यादा प्रकारवार एकदम बदलता येते किंवा कसे, हे घेण्यापूर्वीच विचारून घे. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या मालाची मागणी तर यंत्राच्या सूचनेवर न सोडता कारागिरांशी बसूनच ठरवावी. त्यांच्या घरात किती हात कामाला आहेत हे त्या यंत्राला कोण सांगणार?

मोजदादीचेही असेच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणी दारूकोठाराविषयी असा दंडक घातला आहे की ठराविक दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढवावा, त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावा. कोठीतील वस्तू लिहून ठेवल्याने सुरक्षित राहत नाही, हे त्या मुत्सद्द्यास पुरते ठाऊक होते. दमट हवेत चामड्यावर बुरशी धरते, तेव्हा तू वर्षातून एकदा सारी कोठी बंद ठेवून मोजण्याऐवजी दर आठवड्यास एकेक फडताळ काढावेस, जोड पुसून वारा लागू द्यावास आणि त्याच वेळी मोजावास. जास्त खपाचे प्रकार अधिक वेळा, मंद खपाचे कमी. तफावत आढळली तर आकडा नुसता दुरुस्त करू नये, कारण लिहून दुरुस्त करावा, आणि ही दुरुस्ती करण्याची मुखत्यारी एकाच व्यक्तीकडे असावी.

याला कायद्याचाही आधार आहे. जीएसटीच्या नियमांप्रमाणे मालाच्या हिशेबात आरंभीची शिल्लक, आवक आणि विक्री यांबरोबरच हरवलेला, चोरीस गेलेला, नष्ट झालेला, बाद केलेला आणि भेट अथवा नमुना म्हणून दिलेला मालही निराळा दाखवावा लागतो. (गेल्या पाडव्यास मला पाठविलेला जोड तू कोठे लिहिला आहेस, ते सवडीने पाहा.) हे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून 72 महिने जपावे लागते, म्हणून भाडे थांबविताच ज्यातील नोंदी हाती लागत नाहीत, असे सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. दुसरे असे की 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर 5 टक्के आणि त्यावरील जोडीवर 18 टक्के कर आहे, तेव्हा 2,700 चा जोड सवलतीत 2,400 ला गेला की दरही बदलतो. कराचा दर वस्तूला कायमचा चिकटविणारी व्यवस्था येथे फसते. भिवंडीच्या गोदामात माल ठेवणार असशील तर ती जागा नोंदणीत जोडून घे. परराज्यातील गोदामास तेथली स्वतंत्र नोंदणी लागते, आणि तिकडे माल नुसता हलविणे हाही पुरवठाच समजला जातो. पुढचे तुझ्या सनदी लेखापालास विचार.

नावांविषयी थोडक्यात. टॅली हिशेबासाठी उत्तम आहे, ते तसेच राहू दे. झोहो इन्व्हेंटरी तुझ्या आकाराच्या व्यवहारास बेताचे वाटते. युनिकॉमर्स मोठ्या पसाऱ्यासाठी योग्य. आज ते घेतलेस तर त्याचा डामडौल सांभाळण्यातच तुझा दिवस जाईल. मुंबईत घडलेले ईआरपीनेक्स्ट मुक्तस्रोत आहे, परवाना विकत घ्यावा लागत नाही, परंतु त्याची देखभाल करणारा जाणता माणूस लागतो आणि त्याचा पगार लागतो. आकारणी ऑर्डरींच्या संख्येवर आहे, वापरणाऱ्या माणसांवर आहे की जोडलेल्या दुकानांवर, हे विचारून दिवाळीच्या महिन्याच्या आकड्यांनी हिशेब मांडून पाहा, आषाढाच्या नव्हे. चाचणीच्या मुदतीत विक्रेत्याच्या माणसाने दाखविलेले पाहू नकोस. स्वतः एक ऑर्डर अर्धवट रद्द कर, एक जोड चुकीच्या मापाचा परत घे, शेवटचा जोड दोन दुकानांतून एकाच वेळी विकत घेऊन पाहा, आणि मग सर्व नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात का ते तपास.

लेखापाल तुला 1 एप्रिलचा मुहूर्त सुचवतील. तो त्यांच्या सोयीचा आहे, तुझ्या नाही, कारण तेव्हा उन्हाळ्याची आणि लग्नाची गर्दी असते. आषाढात माल कमी, मागणी कमी, हात मोकळे. तेव्हाच जुन्या तक्त्यातील आकडे नव्या यंत्रात न ओतता प्रत्येक जोड मोजून आरंभीची शिल्लक लिही. त्यानंतर महिनाभर जुनी वही आणि नवे यंत्र दोन्ही चालव, आणि रात्री दोहोंचा मेळ घाल. मोजदादीला मी येईन. मापांप्रमाणे ढीग लावण्याचे काम मला दे, संगणकाला हात लावावयास मात्र सांगू नकोस.

तुझ्या आईस नमस्कार सांग. बहुत काय लिहिणे.

तुझा मामा