बारमधून आलेल्याला ‘झोपू द्या’ म्हणण्याआधी

पगार झाला की पोरं बारमध्ये जातात हे वस्तीत सगळ्यांना माहीत असते, फक्त कोणी बोलत नाही. आम्ही रात्रपाळी करायचो तेव्हा अशी कितीतरी गिऱ्हाइके स्ट्रेचरवरून आमच्यासमोर आली. एक पोरगा अजून डोळ्यांसमोर आहे. मित्रांनी रिक्षातून घरी आणले. “चढलीय, झोपू द्या,” म्हणाले. आईने चादर टाकली. तो उताणा झोपलेला. पहाटे उलटी झाली आणि ती श्वासनळीत गेली. आमच्याकडे आणला तेव्हा फार उशीर झाला होता. कुशीवर वळवले असते तर कदाचित वाचला असता, हे त्या आईला सांगायची हिंमत आम्हाला झाली नाही. म्हणून आज सगळ्यांना सांगतो.

शुद्धीवर आल्यावर बहुतेक जण म्हणतात, “दोन-तीनच घेतले, कळलंच नाही.” ते दर वेळी खोटे बोलत नसतात. बारमध्ये अंधार, कानठळ्या बसवणारे गाणे, बोलता येत नाही म्हणून माणूस पीत राहतो. खारट चकण्याने तहान वाढते. बिल मित्र देणार असेल तर मोजतो कोण?

हिशेब असा. 30 मिलीचा एक छोटा पेग पचवायला यकृताला साधारण एक तास लागतो. क्वार्टर म्हणजे 180 मिली, म्हणजे सहा छोटे पेग. 650 मिलीची एक स्ट्राँग बिअर जवळपास चार पेगांएवढी. “बिअरच तर घेतली” हे बोलणे म्हणून फसवे. आणि शेवटचा ग्लास रिकामा झाल्यावरही पोटातली दारू रक्तात जातच असते. म्हणजे घरी येऊन झोपलेल्या माणसाची नशा झोपेतही वाढू शकते.

घरी आल्यावर हे करा :

• हाक मारा, खांदा हलवा, चिमटा काढा. उत्तर देतो का पाहा.
• झोपवायचेच तर कुशीवर. वरचा गुडघा वाकवा, हात गालाखाली, तोंड किंचित जमिनीकडे. पाठीला उशी लावा.
• एकटे सोडू नका. कोणीतरी जागे राहून श्वास मोजा.

यातले एकही लक्षण दिसले तर लगेच 108 ला फोन करा : हलवूनही जाग येत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचे अंतर, अंग गार, ओठ निळसर, फिट, बेशुद्धीत उलटी, डोक्याला मार. मार लागलेला माणूसही ‘चढल्यासारखाच’ दिसतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर दारूने खूप खाली जाते, तोही तसाच बरळतो. झोपेची गोळी घेतली असेल तर धोका दुप्पट समजा. एक-दोन घोटांतच कोणी कोसळले, तर ग्लासात काही मिसळले असण्याची शंका घ्या आणि डॉक्टरांना ती सांगा.

हे मात्र करू नका : लिंबूपाणी, काळी कॉफी, ताक पाजणे, घशात बोट घालून उलटी काढणे, गार पाण्याने अंघोळ घालणे. यातले काहीही रक्तातली दारू उतरवत नाही. अर्धवट शुद्धीत पाजलेले पाणीही फुफ्फुसात जाते.

खूप घरे “पोलिस केस होईल”, “लोक नावे ठेवतील” म्हणून सकाळची वाट पाहतात. 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की आधी जीव वाचवायचा, कागदपत्रे नंतर. सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरवर हे बंधन आहे. कोणी ‘दारुडा’ म्हणून हिणवले तरी दारातून परत फिरू नका. स्ट्रेचरवरचा माणूस रुग्ण असतो. उपचार हा त्याचा हक्क आहे.

पाचवे शील आपण रोज म्हणतो. पोरगा ते मोडून आला असेल तर त्याच्याशी बोलायला दुसरा दिवस आहे, व्यसन सुटण्यासाठी सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभागही आहे. पण तो दुसरा दिवस उजाडला पाहिजे. आज रात्री रागावू नका. कुशीवर वळवा आणि जागे राहा.