चहाआधीचा एक तास

अगं, रिपोर्टचा फोटो मिळाला. त्याच्यामागोमाग आलेली काकूंची यादीही मिळाली. कोबी बंद, फ्लॉवर बंद, शेंगदाणे बंद, बाजरी बंद, सोयाबीन बंद, गहू बंद. पुण्यात राहून शेंगदाण्याचं कूट बंद! त्यापेक्षा गावच सोडून जा म्हणायचं होतं.

रडत होतीस म्हणे काल. रडू नकोस. सतरा वर्षं झाली मला ही थायरॉईडची गोळी घेताना, आणि मी काही कुणाला आजारी दिसत नाही. पण या सतरा वर्षांत जो गाढवपणा मी केला तो तू करू नयेस, म्हणून जरा बैस माझ्याजवळ.

आधी तो टीएसएच 14 म्हणजे काय ते समजून घे. थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी. तिच्यावर देखरेख मेंदूतल्या पिट्यूटरीची. वाड्यातल्या माडीवरच्या सासूबाईच समज. खालून ‘हो, आले’ असं उत्तर आलं नाही की सासूबाईंचा आवाज चढतो. तुझ्या कागदावर 14 दिसतंय तो त्यांचा चढलेला आवाज. थायरॉईड दमली म्हणून टीएसएच वाढला. बायका याच्या उलट समजतात आणि ‘माझा थायरॉईड वाढला’ म्हणून सांगत सुटतात. गोळीत असतं ते लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड बनवते तेच, बाहेरून दिलेलं. ते शरीरात निम्मं व्हायलाच आठवडाभर घेतं, म्हणून सासूबाई शांत व्हायलाही वेळ लागतो. डॉक्टर सहा-आठ आठवड्यांनी तपासायला सांगतात ते यासाठी. पंधरा दिवसांनी लॅबमध्ये पळून पैसे घालवू नकोस.

आता माझी गोष्ट. पहिली दोन वर्षं माझा आकडा उतरेचना. गोळी 50 ची 75 झाली, 75 ची 100. डॉक्टर विचारायचे, ‘रोज घेता ना?’ मी म्हणायचे, ‘अगदी रोज.’ खोटं नव्हतंच ते. कशी घेता हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाटली माझी ओट्यावर, गॅसच्या शेजारी, साखरेच्या डब्याला टेकून. चहा उकळून वर आला की गोळी तोंडात आणि त्यावर पहिला गरम घोट. डबे भरून झाले की लगेच कॅल्शियमची गोळी, कारण गुडघे. एकदा औषधाच्या दुकानातल्या काउंटरवरच्या मुलाने सहज विचारलं, ‘काकू, चहाबरोबर नाही ना घेत?’ मी तिथेच उभी राहिले. दोन वर्षं मी औषध घेत होते आणि चहा ते अर्ध्या वाटेवर अडवत होता.

दुधातलं कॅल्शियम या गोळीला आतड्यात धरून ठेवतं. कॉफीही तिला नीट शोषू देत नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर अगदी वैरी, त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. पित्ताच्या काही गोळ्यांनीही शोषण कमी होतं, तेव्हा घेत असशील तर डॉक्टरांना सांग. उठल्याबरोबर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग पाऊण तास, तास काही नाही. मी ते सुरू केलं आणि तीन महिन्यांत उलटंच झालं. टीएसएच इतका उतरला की डॉक्टरांना डोस कमी करावा लागला. ताटातला एक पदार्थ बदलला नव्हता मी. फक्त घड्याळ बदललं होतं.

मला माहितीये तू काय म्हणणार. सहा वाजता दुधाची पिशवी, साडेसहाला मुलाची स्कूलबस, चहाशिवाय डोळा उघडत नाही. मग रात्री घ्यायची? जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतली तरी चालते, पण तुझं रात्रीचं जेवण साडेनऊला आणि झोप दहाला, त्यामुळे ते जमणार नाही असं मला वाटतं. त्यापेक्षा बाटली उशाशी ठेव, शेजारी पाण्याचं भांडं. गजर झाला की आडवं पडूनच घे म्हणत नाही, पण पाय जमिनीला लागायच्या आत घेऊन टाक. ओट्यावर मात्र ठेवू नकोस. उष्णतेने आणि वाफेने ती गोळी बिघडते.

आणि उपास! संकष्टी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र. ‘आज उपास आहे, गोळी चालत नाही’ असं म्हणणाऱ्या तीन बायका माझ्याच सोसायटीत आहेत. देवाला खिचडी चालते, वेफर्स चालतात, आणि पाण्याबरोबर घेतलेली एवढीशी गोळी चालत नाही?

आता काकूंच्या यादीकडे वळू. कोबीला बदनाम केलं सशांनी. 1928 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दुसऱ्याच कुठल्या प्रयोगासाठी ससे पाळले होते. त्यांना मुख्यतः कोबीच खायला घालत आणि त्यांना गलगंड झाला. तेव्हापासून कोबी आरोपीच्या पिंजऱ्यात. त्यात काही द्रव्यं अशी असतात खरी की ती थायरॉईडच्या कामात आडवी येतात, पण शिजवल्यावर त्यांचा जोर बराच ओसरतो, आणि माणूस काही ससा नाही. एका वैद्यकीय नियतकालिकात 2010 मध्ये एका 88 वर्षांच्या चिनी आजींची हकीकत आली होती. त्या कित्येक महिने रोज किलो-दीड किलो कच्चा बोक चॉय, म्हणजे कोबीचाच भाऊबंद, खात होत्या आणि बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आल्या. रोज दीड किलो, तोही कच्चा! तू आठवड्यातून एकदा मटार घालून परतलेली भाजी खातेस. खा बापडी.

बाजरीचंही तसंच. सुदानच्या दारफुरमध्ये बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या आणि आयोडीन कमी मिळणाऱ्या लोकांत गलगंड दिसला. आपण भोगीला तीळ लावून बाजरीची भाकरी खातो, थंडीभर अधूनमधून खातो आणि मीठ आयोडीनचं वापरतो. सोयाबीनचे पदार्थ गोळीपासून लांबच्या वेळेला खाल्ले की झालं. गहू तर सिलिॲक, म्हणजे गहू न सोसण्याचा आजार, असेल तरच सोडायचा.

काकू म्हणतात, त्यांच्या भाचीचा आकडा कोबी सोडल्यावर 6 वरून 4 वर आला. आला असेल. एवढासा वाढलेला आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासला तर पुष्कळदा आपणहून खाली आलेला असतो. श्रेय कोबीला.

मिठाविषयी मात्र मी जरा कडक आहे. तुझ्या स्वयंपाकघरात ती गुलाबी बरणी पाहिली मी. सैंधव उपासापुरतं ठीक, पण त्यात आयोडीन नावालाच असतं. कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी करून दाखवला, त्यातून 1962 मध्ये सरकारचा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आपल्या आयांनी गलगंडाची जी धास्ती घेतली होती ती आपल्याला ठाऊक नाही, ती या मिठामुळे. पण म्हणून उलटं टोकही गाठू नकोस. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल मागवायच्या नाहीत. दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, आणि जास्तीच्या आयोडीननेही थायरॉईड बिघडते. आज आपल्याकडे बहुतेक बायकांचा त्रास आयोडीनच्या कमतरतेचा नाहीच. शरीराची स्वतःची रक्षकसेनाच ग्रंथीवर चाल करते. जपानच्या हाशिमोतो डॉक्टरांनी 1912 मध्ये या विकाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला.

आणि तू एकटी नाहीस. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत शंभरातल्या जवळपास अकरा जणांची थायरॉईड मंद निघाली. त्यात मुंबई होती, गोवा होतं. पुणं नव्हतं, पण माझ्या सोसायटीतल्या बाटल्या मोजल्या तरी पुरे.

वजनाचं खरं सांगू? रागावू नकोस. मंद थायरॉईडमुळे वाढतं ते साधारण दोन ते पाच किलो, त्यातही बरंचसं पाणी आणि मीठ. माझं अकरा किलो वाढलं होतं. उरलेले सहा बाकरवडीचे. एका ‘थायरॉईड मुक्ती’वाल्या बाईंना मी तेव्हा बारा हजार दिले, गोळी दोन महिने सोडली, आणि पर्वतीच्या 103 पायऱ्यांत चाळीसाव्या पायरीवर धापा टाकत बसले. परत गोळी, रोजची चाल, घरी डंबेल्स. हळूहळू जमलं.

सर्वांगासनाचंही तुला कुणीतरी सांगेलच. अय्यंगार गुरुजींच्या गावात राहतेस. शिक्षकांसमोर जरूर शीक, झोप आणि मन दोन्ही सुधारतं. पण गोळीच्या जागी ते बसवू नकोस.

एक मात्र विचारायचं राहिलं. बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासलंस का? रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयांचा अभ्यास केला. त्यात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत बी-12 कमी निघालं. आपण तर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. थकवा, विसराळूपणा, केस गळणं, सगळं थायरॉईडच्या नावावर खपतं. आणि केसांसाठी ती बायोटिनची गोळी घेतेस ना, ती रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेव, नाहीतर रिपोर्ट खोटं बोलतो. दुसरं बाळ मनात असेल तर आत्ताच डॉक्टरांच्या कानावर घाल. दिवस गेले की डोस बहुधा वाढवावा लागतो, आणि लगेच.

रविवारी ये. कोबीची भजी करते. सातला गोळी घेऊन घरून निघ, म्हणजे कोथरूडहून इथे पोचेपर्यंत चहाची वेळ झालेली असेल.