एककाची किंमत

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडातील एका प्रवासी विमानास २२,३०० किलोग्रॅम इंधनाची आवश्यकता होती. इंधन लिटरांत मोजून भरले जाई. म्हणून एका लिटरचे वजन १.७७ धरून हिशेब केला गेला. गुणाकार बिनचूक होता, परंतु १.७७ हे वजन पौंडांतील होते. किलोग्रॅममध्ये ते सुमारे ०.८ च भरते. त्यामुळे निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले आणि भर आकाशात त्याची दोन्ही इंजिने बंद पडली. सुदैवाने वैमानिकास बिनइंजिनाची विमाने चालविण्याचा सराव होता. त्याने विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले. विमानातील ६९ जणांचे प्राण वाचले. उत्तरापुढे एकक लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येकाने हे विमान अवश्य आठवावे.